ह्यां खयसून हाडलंस?

कांदळगावकर बाई गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. प्राचार्य वझरकरांनी शोकसंदेश टाकला होता. ज्ञानाचा तेवता दीप मालवला, कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली, विद्यार्थ्यांची माउली हरपली, असं बरंच काही. आणि सगळ्यात शेवटी, एक ओळ सोडून: 'हा संदेश अधिक भावपूर्ण करून हवा असल्यास तसे सांगा.'

मोबाइलमधल्या यंत्राला सांगून मजकूर करून घेतला होता आणि न वाचता चिकटवला होता. त्याखाली आमच्या सहकाऱ्यांचे जोडलेले हात, रडकी तोंडं, फुलं. एकाने तर लिहिलं, 'अतिशय समर्पक शब्द, सर.' मी कणीक मळत होते. हात तसाच परातीत राहिला. ज्या बाईने उभा जन्म 'हे शब्द कुणाचे?' एवढंच विचारण्यात घालवला, तिच्या मढ्यावर कुणाचेच नसलेले शब्द आणून टाकले होते.

म्हणून हे लिहायला बसले. समर्पक नसेल. पण माझं आहे.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात बाई समाजशास्त्र शिकवत आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये खिडकीकडच्या कोपऱ्यात आमची टेबलं एकमेकींना चिकटून होती. मी नवीन लागले तेव्हा माझी बाईंशी पहिली ओळख झाली ती त्यांच्या तोंडाने नव्हे, चेहऱ्याने. टी.वाय.च्या प्रकल्पांचा गठ्ठा समोर होता. बाई एकेक प्रकल्प दोन बोटांच्या चिमटीत धरून उचलत होत्या, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा. एखादं पान वाचायच्या, नाक मुरडायच्या, 'शी!' म्हणायच्या आणि खाली ठेवायच्या. गठ्ठा संपला तेव्हा उठून बेसिनवर गेल्या आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले.

"काय झालं हो बाई?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याने लिहिलेत सगळे. दरवर्षी तोच लिहितो. त्यालाच पदवी देऊन टाका एकदा आणि सुटा."

बाई मूळच्या मालवणकडच्या, वाढल्या लालबागच्या चाळीत. वडील गिरणीत होते. गिरणी गेली तसं कुटुंब भांडुपला आलं आणि तिथेच राहिलं. शिकवताना बाईंची मराठी चोख असे, पण एखादा विद्यार्थी प्रकल्पात सुंदर परिच्छेद घेऊन आला की त्यांच्या तोंडून मालवणीच बाहेर पडे. "ह्यां खयसून हाडलंस?" हे कुठून आणलंस? एवढा एकच प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत त्या पुढे वाचत नसत.

हा प्रश्न बाईंच्या आईचा. चाळीत असताना पोरीच्या हातात कैरी दिसो, पेरू दिसो की खडूचा तुकडा, आई दारातच अडवायची. कुणी दिलं त्याचं नाव सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे. नाव सांगितलं की खुशाल खा. "माझी आई कधी शाळेत गेली नाही, पण संदर्भ कसा द्यायचा हे मला तिनेच शिकवलं," असं बाई वर्गात सांगत. हेसुद्धा त्या दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी आईचं पूर्ण नाव घेऊन सांगत.

ही सवय त्यांच्या हाडीमाशी मुरली होती. विनोद सांगितला तर शेवटी जोडायच्या, "माझा नव्हे हा, आमच्या वॉचमनचा." डब्यातल्या माशांच्या तिखल्याचं कौतुक केलं तर म्हणायच्या, "कृती वहिनीची, मीठ जास्त पडलंय ते माझं." कधीकधी वैताग यायचा. एखादी गंमत सांगायला घ्यावी तर बाई मध्येच, "तुला कोण म्हणालं?" आपण म्हणावं, असंच ऐकलं. "असंच म्हणजे कुणाकडून गं?" की गमतीची वाट लागली.

पुस्तकाचा संदर्भ कसा द्यायचा हे सगळेच शिकवतात: लेखक, नाव, प्रकाशक, साल, पान. बाई त्याच्या पुढे जात. वर्तमानपत्र असेल तर तारीख आणि पान. सरकारी अहवाल असेल तर कुठल्या खात्याचा, कारण "सरकार एक नसतं बाळांनो, खाती अनेक असतात आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत." संकेतस्थळ असेल तर आपण ते पाहिलं तो दिवस लिहायचा, कारण उद्या तिथे भलतंच काही असेल. कुणाच्या घरातल्या भिंतीवरचा फोटो वापरला तर तो कुणी काढला, कुणाच्या घरात आहे आणि त्यांनी हो म्हटलं का, हे लिहायचं. आणि कुणी म्हणालं की व्हॉट्सअॅपवर आलं, तर बाईंचा आवाज चढायचा. "कुणी पाठवलं? त्याला कुणी पाठवलं? त्याच्या आज्याला कुणी पाठवलं? जा, शोधून ये. सापडेपर्यंत वर्गात बसू नको."

मुलं घाबरायची. बाई प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. कौतुक करणं त्यांना जमतच नसे. चांगल्या प्रकल्पावर त्या फक्त 'पाहिला' असं लिहीत. एका अगदीच कच्च्या मुलीला त्यांनी भर वर्गात असं सोलून काढलं की तिने समाजशास्त्रच सोडलं. मी म्हटलं, बाई, जरा सौम्यपणे घ्यायचं होतं. तर म्हणाल्या, "तिने चोरलं ते सौम्यपणे चोरलं होतं का?" मला ते पटलं नव्हतं. आजही पटत नाही.

पण एका मुलाची गोष्ट सांगते. त्याच्या प्रकल्पात आभाराचं पान होतं. 'हा प्रकल्प मी माझ्या स्वर्गवासी वडिलांच्या चरणी अर्पण करतो.' बाईंनी त्याला बोलावलं. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

"वडील कधी वारले रे?"

मुलगा गोंधळला. "नाही मॅडम. ते... ते खाली गेटवर आहेत. फीचं काम होतं म्हणून आलेत."

बाईंनी ते पान त्याच्यापुढे फिरवलं. त्याने वाचलं. दुसऱ्या कुणाचा तरी प्रकल्प, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आभारासकट उतरवला होता. आपण काय उतरवतोय हे त्यालाच माहीत नव्हतं.

"त्यांना वर घेऊन ये," बाई म्हणाल्या.

मुलगा पांढराफटक पडला. पण वडील आल्यावर बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, घाटकोपरच्या त्यांच्या दुकानाबद्दल विचारलं, गुडघ्याबद्दल विचारलं. प्रकल्पाचा शब्द काढला नाही. मुलगा शेजारी उभा राहून घामाघूम. वडील खूश होऊन गेल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "पाहिलंस ना? चांगला जिवंत माणूस आहे. दहा मार्कांसाठी मारलास मेल्या. शी!" त्या पोराने पुढचा प्रकल्प स्वतः लिहिला. भिकार लिहिला. बाईंनी पास केला.

नंतर नंतर मजकूर लिहून देणारी यंत्रं आली आणि बाईंच्या चेहऱ्यावर मी एक नवीन भाव पाहिला. एका मुलीच्या यादीत एक पुस्तक होतं, भांडुपच्या खाणकामगारांवरचं. बाईंना इतका आनंद झाला की त्या ते पुस्तक शोधायला दादरला गेल्या, ठाण्याला गेल्या, एका निवृत्त ग्रंथपालाच्या घरी जाऊन आल्या. पुस्तक नव्हतंच. लेखक नव्हता, प्रकाशक नव्हता, पान क्रमांक मात्र होता. यंत्राने आपल्या मनानेच रचलं होतं. त्या दिवशी बाईंनी हातसुद्धा धुतले नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. म्हणाल्या, "चोरी निदान खरी असते गं. चोरीच्या मालाला कुणीतरी मालक असतो. हे काय आहे?"

चोरलेल्या मजकुराला बाईंचा एक ठरलेला शब्द होता, उष्टं. "दुसऱ्याचं उष्टं माझ्या ताटात वाढू नका." एकदा वर्गात त्या असं म्हणाल्या आणि मागच्या बाकावरून रोहिणी पाष्टे उभी राहिली. रोहिणी भांडुपची. तिची आई मुलुंडच्या टॉवरमध्ये घरोघर भांडी घासायची.

"मॅडम, उष्ट्यात शी करण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "माझी आई रोज दुसऱ्यांचं उष्टं काढते. चोरी नाही करत ती. तुम्ही चोरांना आमच्या कामाचं नाव का देता?"

हे मला बाईंनीच सांगितलं, स्टाफरूममध्ये येऊन, उभ्याउभ्या. "इतकी वर्षं मी हा शब्द वापरते. माझ्या आईनेही लोकांची भांडी घासलीत गं, गिरणीच्या संपात. आणि मलाच हे सुचू नये?" त्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडी आला नाही. पण का आला नाही, हे त्या प्रत्येक नव्या वर्गाला सांगत, आणि सांगताना 'हे मला रोहिणी पाष्टे या विद्यार्थिनीने दाखवून दिलं' असं पुरतं म्हणत.

आता वझरकरांची गोष्ट.

रोहिणीच्या मावशीला माहुलच्या पुनर्वसनाच्या इमारतींत घर मिळालं होतं. तिच्याकडे जाता-येता रोहिणीची ओळख झाली सोनूबाईंशी. सोनूबाई तिथल्या जुन्या कोळीवाड्यातल्या, सुकी मासळी विकणाऱ्या. रोहिणीने निबंधासाठी विषय घेतला, मासळी सुकवायची सामायिक जागा बायका आपसात कशी वाटून घेत. कुठलाही कागद नाही, पाटी नाही, तरी कुणी कुठे जवळा पसरायचा हे ठरलेलं. आणि ज्या बाईचा नवरा गेला, तिला त्या हंगामात सगळ्यात आधी ऊन येणारा कोपरा. असं कुणीच कुठे लिहिलेलं नव्हतं. सोनूबाईंनी ते रोहिणीला सांगितलं, उन्हात बसून, कित्येक रविवार.

बाई स्वतः एकदा तिच्याबरोबर जाऊन आल्या. नाव छापायची परवानगी घ्यायला. सोनूबाई म्हणाल्या, "माजा नाव लिव. नवऱ्याचा नको. तो कवा आला व्हता सुकवाला?" बाई हे सांगून इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. रोहिणीच्या निबंधावरही त्यांनी 'पाहिला' असंच लिहिलं, पण तो मला वाचायला दिला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

तेव्हा वझरकर समाजशास्त्राचे विभागप्रमुख होते. प्राचार्यपदासाठी त्यांना छापून आलेले लेख हवे होते. हा माणूस असा, की कुणाच्या डब्यात सुकट असली तर नाकाला रुमाल लावून बाहेर जायचा. "सॉरी हं, मला तो वास झेपत नाही." पुढच्या वर्षी एका नियतकालिकात लेख आला. माहुलच्या बायका, सुकवायची जागा, विधवेचा कोपरा. वाक्यं रोहिणीची. लेखक डॉ. वझरकर. सोनूबाईंच्या नावाच्या जागी 'प्रस्तुत लेखकाचे क्षेत्रकार्य'. रोहिणीचे आभार मानले होते आणि त्यातही तिचं आडनाव पाटील केलं होतं.

आणि लेखकाच्या नावाशेजारी दुसरं नाव होतं, प्रा. कांदळगावकर.

बाईंना न विचारता. तोंड बंद ठेवायची लाच म्हणून.

बाई तडक त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि मला म्हणाल्या, "तू चल. उद्या कुणी म्हणालं मी काय बोलले, तर सांगायला माणूस हवं." मी दाराशी उभी राहिले.

"वझरकर, माझं नाव काढा."

"अहो मॅडम, बसा तरी. लोक नाव घाला म्हणून पाया पडतात आणि तुम्ही काढा म्हणता?"

"मी लिहिलं नाही ते. तुम्हीही लिहिलं नाही. रोहिणीने लिहिलं."

"मार्गदर्शन तर विभागाचंच ना? निवृत्तीच्या आधी तुमचं एक प्रकाशन व्हावं, एवढीच माझी इच्छा. चांगल्या भावनेने केलं हो."

"आणि सोनूबाई?"

"कोण सोनूबाई?"

बाईंनी सांगितलं. वझरकर हसले. खरंच हसले. "मॅडम, मासळीवालीचं नाव संदर्भात? रिसर्चला एक दर्जा असतो की नाही?" आणि समोरच्या डब्यातला पेढा पुढे केला. लेखाचा पेढा होता तो.

बाई बाहेर आल्या. चार पावलं चालल्या, मग लेडीज टॉयलेटकडे वळल्या आणि बेसिनवर ओकल्या. मी पाठीवर हात ठेवला. चूळ भरून म्हणाल्या, "माझ्या अंगावर टाकलं गं त्याने ते. आता मी कशी धुऊ?"

त्यांनी लेखी तक्रार केली. चौकशी समिती बसली. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं की सॉफ्टवेअर तर चोरी दाखवत नाही, मग चोरी कशी? सॉफ्टवेअर कसं दाखवेल? रोहिणीचा निबंध इंटरनेटवर नव्हताच, विभागातल्या बाईंच्या कपाटात होता. दुसऱ्यांनी विचारलं, मुलीचं नेमकं नुकसान काय झालं? रोहिणीला बोलावलं. तिला एम.ए.ला जायचं होतं, शिफारस विभागप्रमुखांची लागणार होती. ती मान खाली घालून म्हणाली, "मला वाद नको, सर." समितीने चहा-सामोसे घेतले आणि दोन्ही बाजूंच्या भावनांचा आदर राखून प्रकरण मिटवलं. वझरकर प्राचार्य झाले. नियतकालिकवाल्यांनी बाईंना कळवलं की नाव काढायचं तर मुख्य लेखकाची संमती लागेल.

मला रोहिणीचा राग आला होता. बाईंना आला नाही. "तिला शिकू दे. ती तिथे खरं बोलली असती तर मी निवृत्त होऊन घरी गेले असते, आणि ती कुठे गेली असती?" रोहिणी गेली, दुसऱ्या विद्यापीठात. तिथे तिने तोच विषय पुन्हा मुळापासून केला, जास्त बायकांशी बोलून, सगळ्यांची नावं घालून. ते प्रबंध होऊन कपाटात पडलंय. इंटरनेटवर आजही वझरकरांचाच लेख आहे. बाईंचं नाव टाकून शोधलं तर पहिल्यांदा तोच येतो. बाकी त्यांनी फारसं काही छापलं नव्हतं.

चौकशीनंतरच्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला त्या गेल्या नाहीत. भांडुपची जागा भाच्याला देऊन कणकवलीला बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं होतं. निघायच्या आधी मला फोन आला. "माहुलला येतेस? सोनूबाईला सांगितल्याशिवाय मी गावी जाऊ शकत नाही."

सकाळीच गेलो. ऊन तापायला लागलं होतं. ताडपत्रीवर जवळा पसरलेला, सोनूबाई प्लास्टिकच्या क्रेटवर बसलेल्या, हातात काठी. आणखी तिघीचौघी आपापल्या ताडपत्रीशी. बाई उभ्याच राहिल्या आणि सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, काही सौम्य केलं नाही.

सोनूबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो मानूस हितं कवा आला व्हता?"

"आलाच नाही."

"मंग त्याला मी कवा सांगितला?"

"नाही सांगितलंत."

सोनूबाईंनी तोंडातली मशेरी बाजूला थुंकली. "मंग खोटारडा हाय तो." मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. "आनि तुजा पन नाव हाय तितं?"

"आहे. मी नको म्हटलं. तरी आहे."

"मंग तुला तरी मी कवा सांगितला? मी त्या पोरीला सांगितला."

मी मध्ये पडणार होते. यांची काही चूक नाही, या भांडल्या, असं म्हणणार होते. बाईंनी हात करून मला थांबवलं. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला पाहवला नाही. इतकी वर्षं त्या चेहऱ्यावर दुसऱ्यांची किळस पाहिली होती.

तेवढ्यात आतून सुनेने सोनूबाईंना हाक मारली, कुणाचा तरी फोन आला होता. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि काठी बाईंच्या हातात दिली. "बस हितं. कावले हाकव. लक्ष ठेव, लय हरामी हायेत."

मला दुपारचं सुपरव्हिजन होतं, निघायला हवं होतं. बाई म्हणाल्या, तू जा, मी बसते. रस्त्याच्या वळणावरून मी मागे पाहिलं. बाई क्रेटवर बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेतलेला, साडी घोट्यावर खोचलेली. भिंतीवर तीन कावळे. एकाने झेप घेतली तशी बाई अर्ध्या उठल्या, काठी उगारली आणि ओरडल्या, "हड! हड मेल्या!" शेजारच्या ताडपत्रीवरची बाई हसली आणि काठी खालून नाही, आडवी फिरवायची असं हाताने दाखवायला लागली. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि काठी आडवी धरली.